सॅम्युएल क्रॉम्प्टन

सुमारे तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील कोणत्याही खेड्यात पाऊल टाकले, तर घराघरांतून रहाटाची घरघर आणि मागाची खटखट कानी पडत असे. कापडाच्या गिरण्या तेव्हा अजून निघाल्या नव्हत्या. शेतकऱ्याचे घर हाच त्याचा कारखाना होता. लहान मुलांनी कापूस निवडावा, बायकांनी तो पिंजून सूत कातावे आणि घरच्या कर्त्या पुरुषाने ते मागावर विणावे, अशी कामाची वाटणी असे. तयार झालेले कापड व्यापाऱ्याला द्यायचे, नवा कापूस आणायचा आणि मिळालेल्या पैशांत कुटुंबाचा चरितार्थ चालवायचा. जोडीला थोडी शेती व एखादी गाय असली म्हणजे संसार निभावून जाई.

पुढे १७३३ साली जॉन के याने मागासाठी नव्या तऱ्हेचा धावता धोटा शोधून काढला. त्यामुळे विणकराचा हात झपाट्याने चालू लागला. पण कातणारीचा हात पूर्वीच्याच वेगाने चालत होता. रहाटाला चाती एकच, म्हणून धागाही एका वेळी एकच निघे. एका विणकराला पुरेल इतके सूत मिळविण्यासाठी अनेक कातणाऱ्या बायका लागत. सुताची वाट पाहत माग अडून राहू लागले. सूत भरभर कसे निघेल आणि तरीही ते बारीक व बळकट कसे राहील, हा लँकेशायरमधील प्रत्येक घरापुढचा प्रश्न झाला. या प्रश्नाचे उत्तर अशाच एका घरातील तरुणाने शोधून काढले. त्याचे नाव सॅम्युएल क्रॉम्प्टन.

सॅम्युएलचा जन्म ३ डिसेंबर १७५३ रोजी बोल्टन गावाजवळील फरवूड फोल्ड येथे झाला. त्याचे वडील जॉर्ज क्रॉम्प्टन शेती करीत व उरलेल्या वेळात कापड विणीत. सॅम्युएल लहान असतानाच हे कुटुंब जवळच्या एका जुन्या वाड्यात राहावयास गेले. हॉल-इ-द-वुड, म्हणजे रानातला वाडा, असे त्याचे नाव. एके काळी श्रीमंतांची वस्ती असलेला तो वाडा आता बराचसा ओस पडला होता, आणि त्याच्या एका भागात राहून क्रॉम्प्टन कुटुंब त्याची देखभाल करी. तेथे येऊन फार दिवस लोटले नाहीत तोच जॉर्जने इहलोक सोडला. सॅम्युएल तेव्हा अवघा पाच वर्षांचा होता, आणि त्याच्या पाठीवर दोन लहान बहिणी होत्या.

त्याची आई बेट्टी ही मोठी कष्टाळू व करारी बाई होती. पतीच्या मागे तिने कोणापुढे हात पसरला नाही. तिने शेत राखले, गाई सांभाळल्या, मधमाश्या पाळल्या. तिच्या घरचे लोणी व मध यांची आसपास ख्याती होती. पण घराचा मुख्य आधार म्हणजे सूत कातणे व कापड विणणे हाच होता. सॅम्युएलचे पाय मागाच्या पावड्यांपर्यंत पोचू लागले, त्याच सुमारास त्याच्यावर कामाचा भार येऊन पडला. घरात एक चुलताही राही. तो पायाने अधू असल्यामुळे वरच्या मजल्यावरील आपल्या खोलीतच बसून विणकाम करी. पोटासाठी काम केल्यावाचून कोणी राहावयाचे नाही, असा त्या घराचा नियमच होता.

असे असूनही आईने मुलाचे शिक्षण थांबविले नाही. बोल्टन येथील बार्लो नावाच्या शिक्षकांच्या शाळेत तिने त्याला पाठविले. गणितात त्याची बुद्धी विशेष चाले. अंकगणित, बीजगणित व भूमिती हे विषय त्याने मन लावून शिकून घेतले. दिवसाचे काम संपल्यावर तो संध्याकाळी अभ्यास करी. त्याला संगीताचीही आवड होती. स्वतःच्या हाताने त्याने एक व्हायोलिन बनविले आणि तो ते सुरेख वाजवू लागला. या दोन्ही गोष्टी पुढे त्याच्या उपयोगी पडावयाच्या होत्या.

याच सुमारास जेम्स हारग्रीव्ह्ज नावाच्या विणकराने एका चाकाने अनेक चात्या फिरविणारे यंत्र तयार केले होते. त्याला जेनी म्हणत. सोळा वर्षांचा सॅम्युएल आठ चात्यांच्या जेनीवर सूत कातू लागला. आई रोज ठरावीक काम नेमून देई, आणि ते पुरे झाल्याखेरीज तिचे समाधान होत नसे. परंतु जेनीवरचे सूत नरम व कच्चे. ते विणताना पुन्हा पुन्हा तुटे, आणि तुटलेली टोके जोडता जोडता दिवस सरून जाई. काम अपुरे राहिले की आईची बोलणी खावी लागत. रिचर्ड आर्कराइट याने १७६९ साली आणखी एका यंत्राचे पेटंट घेतले होते. त्यात रुळांच्या जोड्यांमधून कापसाचा पेळू ताणला जाई. त्याचे सूत बळकट असे. मात्र ते जाडेभरडे निघे. एक यंत्र नरम सूत देणारे, तर दुसरे जाडे. तलम कापडासाठी लागणारे बारीक आणि तरीही पक्के सूत दोन्हींपैकी कोणत्याच यंत्रावर निघत नव्हते. असे कापड पाहिजे असेल, तर ते हिंदुस्थानातून मागवावे लागे. ढाक्याच्या कातणाऱ्या स्त्रिया नुसत्या बोटांच्या कौशल्याने जे सूत काढीत, त्याची सर इंग्लंडातील कोणत्याही यंत्राला येत नव्हती.

तुटक्या धाग्यांना कंटाळून सॅम्युएलने १७७४ साली स्वतःच नवे यंत्र करावयाचे ठरविले. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. पैसा नव्हता, मदतनीस नव्हता आणि हाताशी चांगली हत्यारेही नव्हती. दिवसभर आईने नेमलेले काम करावे आणि रात्री यंत्राच्या मागे लागावे, असा क्रम त्याने पाच वर्षे चालविला. हत्यारांसाठी पैसे मिळावेत म्हणून तो बोल्टनच्या नाटकगृहात व्हायोलिन वाजवावयास जाई. एका रात्रीचे त्याला दीड शिलिंग मिळत. त्यांतून एखादी कानस, एखादा पटाशा विकत घ्यावा आणि वाड्यातील खोलीत बसून लाकूड तासावे. मध्यरात्री त्या ओसाड वाड्यात दिवा हलताना दिसे व ठोकाठोकीचे आवाज येत. ते ऐकून वाड्यात भुते नांदतात, अशी शेजारपाजारच्या लोकांची समजूत झाली.

त्याच्या यंत्रातील युक्ती समजावयाची असेल, तर रहाटावर कातणाऱ्या बाईचा हात डोळ्यांपुढे आणावा. ती एका हाताने चाक फिरविते आणि दुसऱ्या हातात पेळू धरून तो हात हळूहळू मागे नेते. धागा लांबतो व त्याला पीळ पडतो. मग हात पुढे आणून ती तो धागा चातीवर गुंडाळते. हेच काम क्रॉम्प्टनने यंत्राकडून करविले. सर्व चात्या त्याने एका लांब गाड्यावर बसविल्या आणि गाड्याला चाके लावली. आर्कराइटच्या यंत्रात होते तसे रूळ समोर बसविले. रुळांमधून पेळू ताणला जाऊन बाहेर येऊ लागला, की त्याच वेगाने गाडा मागे सरके आणि फिरत्या चात्या धाग्याला हळुवार पीळ देत. गाडा सुमारे पाच फूट मागे गेला, की रूळ थांबून धाग्याचे टोक घट्ट धरून ठेवीत. चात्या मात्र फिरत राहून पीळ पुरा करीत. नंतर गाडा परत पुढे येई आणि कातलेले सूत चात्यांवर गुंडाळले जाई. सूत कच्चे असताना त्याच्यावर फार ताण पडत नसे, म्हणून ते बारीक असूनही तुटत नसे. कातणारीच्या हाताचा हळुवारपणा त्या लाकडी गाड्यात आला होता, आणि असे एक नव्हे, अठ्ठेचाळीस धागे एकाच वेळी निघत होते.

जेनीचा सरकता गाडा आणि आर्कराइटचे रूळ यांचा मिलाफ झाल्यामुळे लोक पुढे या यंत्राला म्यूल, म्हणजे खेचर, म्हणू लागले. घोडा व गाढव या दोहोंपासून खेचर होते, तसेच हे यंत्र दोन यंत्रांपासून झाले होते.

यंत्र पुरे झाले ते १७७९ साली. परंतु तो काळ मोठा धामधुमीचा होता. यंत्रांमुळे आपल्या हातचे काम जाईल, या भीतीने लँकेशायरमधील गरीब लोकांचे जमाव ठिकठिकाणी यंत्रे फोडीत हिंडत होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात चॉर्लीजवळील आर्कराइटची गिरणी त्यांनी उद्ध्वस्त केली. क्रॉम्प्टनने आपले यंत्र सुटे केले आणि त्याचे भाग वाड्याच्या माळ्यावर लपवून ठेवले. जमाव शांत झाल्यावर ते पुन्हा जोडले.

१६ फेब्रुवारी १७८० रोजी त्याचा मेरी पिम्लॉट हिच्याशी विवाह झाला. मेरी सूत कातण्यात निष्णात होती. दोघे नवराबायको आपल्या घरात यंत्रावर सूत काढू लागली. पूर्वीच्या पद्धतीचे हे एक घरगुती काम होते, फक्त त्याचे साधन नवे होते. त्यांचा थोरला मुलगा जॉर्ज याने आपल्या बालपणाची आठवण पुढे सांगून ठेविली आहे. आई कापूस झोडपून साबणाच्या पाण्याने भरलेल्या खोल भांड्यात टाकी आणि त्याला त्यात उभे करी. तो पायांनी कापूस तुडवीत राही. भांडे कापसाने भरत आले, म्हणजे तोल जाऊ नये म्हणून तो शेजारच्या खुर्चीची पाठ धरून तुडवी. घरातील लहानात लहान मुलाचाही हातभार अशा रीतीने चरितार्थाला लागत होता.

बाजारात क्रॉम्प्टनच्या सुताने मोठे आश्चर्य उडविले. सुताची जात त्याच्या नंबरावरून ओळखतात. एक रत्तल, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, सुतात ८४० वारांच्या जितक्या लड्या भरतील, तितका त्याचा नंबर. नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक. क्रॉम्प्टनला ४० नंबरी सुताला रत्तलामागे १४ शिलिंग आणि ६० नंबरीला २५ शिलिंग मिळत. ८० नंबरी सूत त्याने थोडे काढले, त्याला ४२ शिलिंग मिळाले. त्या सुताचा एक रत्तल उलगडला, तर धागा सुमारे ६१ किलोमीटर लांब भरेल. दीड शिलिंगासाठी रात्रभर व्हायोलिन वाजविणाऱ्या तरुणाला ही केवढी कमाई वाटली असेल! आपल्या घरी बसून, कुटुंबासह, शांतपणे सूत काढावे आणि सुखाने राहावे, एवढीच त्याची इच्छा होती.

पण ती शांती त्याला लाभली नाही. असे सूत निघते तरी कसे, हे पाहण्यासाठी माणसांची रीघ लागली. दारातून प्रवेश मिळेना, तेव्हा लोक खिडक्यांना शिड्या लावून आत डोकावू लागले. कोणी भिंतीला भोके पाडली. एक जण तर माळ्यावर दडून छिद्रातून पाहत राहिला होता, अशी कथा सांगतात. यंत्र लपवून काम करणे अशक्य झाले. पेटंट घेण्याइतका पैसा जवळ नव्हता. यंत्र मोडून टाकावे किंवा ते सर्वांना खुले करावे, असे दोनच मार्ग त्याला दिसू लागले. पाच वर्षे रात्री जागवून घडविलेली वस्तू आपल्याच हाताने मोडणे त्याच्या जिवावर आले.

अखेर काही व्यापाऱ्यांच्या आग्रहावरून त्याने यंत्र खुले करण्याचे मान्य केले. त्याच्या बदल्यात वर्गणी देण्याचे वचन पुष्कळ कारखानदारांनी कागदावर सह्या करून दिले. परंतु तो कागद कायद्याच्या दृष्टीने लटका होता. यंत्र हाती येताच कित्येकांनी वचन पाळण्याचे नाकारले. काहींनी पैसे मागावयास आलेल्या क्रॉम्प्टनचा अपमानही केला. सगळी मिळून जी रक्कम हाती आली, ती साठसत्तर पौंडांच्या घरात होती. तेवढ्यात एक नवे यंत्र उभे राहिले. पहिल्याला अठ्ठेचाळीस चात्या होत्या, या नव्याला बावन्न. म्हणजे जगाला एवढी मोठी देणगी देऊन क्रॉम्प्टनच्या पदरात चार चात्यांची भर पडली.

या फसवणुकीचा घाव त्याच्या मनावर कायमचा राहिला. तो जात्याच मितभाषी व मानी होता, आता तो संशयीही झाला. कारखानदार रॉबर्ट पील यांनी त्याला भागीदारी देऊ केली, तीही त्याने स्वीकारली नाही. कापूस पिंजण्याचे एक नवे यंत्र त्याने बनविले होते. हेदेखील लोक हिरावून नेतील, या विचाराने संतापून त्याने ते स्वतःच कुऱ्हाडीने फोडून टाकले. त्याने शिकवून तयार केलेले कामगार जास्त मजुरीच्या आशेने दुसरीकडे जात, आणि त्याला पुन्हा नवी माणसे शिकवावी लागत. १७९१ साली तो बोल्टनमधील किंग स्ट्रीटवर राहावयास गेला. तेथे १७९६ साली मेरी निवर्तली आणि मुलांचा सांभाळ त्याच्या एकट्यावर आला.

इकडे त्याचे यंत्र मात्र देशभर पसरत होते. आरंभी म्यूल हाताने चालविण्याजोगे लहान होते, व ते विणकरांच्या घरांत मावत असे. पुढे त्याच्या चात्या वाढत वाढत शेकड्यांवर गेल्या, त्याला पाण्याची व वाफेची शक्ती जोडली गेली, आणि त्यासाठी मोठमोठ्या गिरण्या उभ्या राहिल्या. १८११ साली क्रॉम्प्टनने स्वतः हिंडून पाहणी केली. बोल्टनच्या भोवताली साठ मैलांच्या आत सुमारे साडेसहाशे गिरण्यांमध्ये त्याच्या पद्धतीच्या पंचेचाळीस लाखांहून अधिक चात्या फिरत होत्या. ही माहिती घेऊन त्याने पार्लमेंटकडे अर्ज केला. पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल त्याला भरघोस देणगी देण्यास अनुकूल होते. परंतु ११ मे १८१२ रोजी एका माथेफिरूने पार्लमेंटच्या दालनातच गोळी झाडून त्यांचा खून केला. क्रॉम्प्टन त्या वेळी तेथे आपल्या कामासाठीच आला होता. पुढच्या महिन्यात पार्लमेंटने त्याला पाच हजार पौंड मंजूर केले. ज्या यंत्रावर असंख्य लोक धनाढ्य झाले, त्याच्या जनकाला एवढेच मिळाले.

ही रक्कम त्याने मुलांसह काढलेल्या धंद्यांत घातली, पण ते धंदे यशस्वी झाले नाहीत. म्हातारपणी त्याची ओढग्रस्त पाहून काही मित्रांनी त्याला न कळविता वर्गणी जमविली आणि वर्षाला त्रेसष्ट पौंड मिळतील अशी तजवीज केली. त्याने उमेदीच्या काळातील संगीत मात्र सोडले नव्हते. आपल्या प्रार्थनामंदिरातील गायकवृंदासाठी तो चाली बसवीत असे. २६ जून १८२७ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, बोल्टन येथे त्याचा अंत झाला.

क्रॉम्प्टनच्या यंत्राने जगाला स्वस्त व तलम कापड दिले, हे खरे. पण त्याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. ज्या घरगुती कताईवर बेट्टीने आपली पोरकी मुले वाढविली, ती कताई लँकेशायरच्या घरांतून नाहीशी झाली. माणसे घरचा रहाट सोडून गिरणीच्या भोंग्यावर उठू लागली, आणि लहान मुलेही तेथे दिवसाचे बारा-तेरा तास राबू लागली. गिरणीचे सूत पुढे हिंदुस्थानात येऊ लागले, तेव्हा बंगालमधील कातणाऱ्या असंख्य स्त्रियांचाही रोजगार बुडाला. यंत्र तयार करणाऱ्याच्या मनात यांपैकी काहीही नव्हते. आईने नेमून दिलेले काम वेळेवर पुरे व्हावे आणि धागा तुटू नये, एवढ्यासाठीच त्याने पाच वर्षे रात्रीचा दिवस केला होता. यंत्राचा लाभ कोणाला व्हावा आणि त्याची झळ कोणाला लागू नये, हे ठरविणे एकट्या संशोधकाच्या हाती नसते. ते साऱ्या समाजाचे कर्तव्य असते. त्या काळच्या समाजाने ते पाळले नाही. क्रॉम्प्टनला दिलेला शब्द मोडणे हाही त्याच दोषाचा भाग होता.

मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी, १८६२ साली, बोल्टनकरांनी नेल्सन चौकात त्याचा पुतळा उभारला. तो राहत होता त्या रानातल्या वाड्याचे १९०२ साली संग्रहालय झाले. क्रॉम्प्टनने आपल्या हाताने बनविलेले एक म्यूल बोल्टनच्या संग्रहालयात जतन करून ठेवले आहे. ते लाकडी रूळ आणि तो लांबट गाडा पाहताना, मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात एकटाच काम करीत बसलेला तो विणकराचा मुलगा डोळ्यांपुढे उभा राहतो.